दुसऱ्या थराचे मणी

श्रीरामपूर,
२४ एप्रिल १९७१

प्रिय अब्राहाम,

सप्रेम सलाम. इथे ऊन फार आहे. तुझा मेहुणा थॉमस शाळेचे पेपर तपासतोय.

माझ्या दीनाच्या नावाने आलेलं तुझं पत्र काल पोस्टमनने दिलं. मीच फोडलं. शेवाळाच्या चिकाचे ते मणी आता फुटत नाहीत, वरून दुसरा थर दिल्यावर आतल्या जिवंत पेशी कुत्र्याच्या पोटात चाळीस दिवस इन्सुलिन देत राहिल्या, असं लिहिलंस. अभिनंदन. लहानपणी तुला साधा पतंग चिकटवता यायचा नाही.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या साहेबांना दाखवायला दीनाचा फोटो मागितलास. पाठवत नाही.

ईस्टरच्या आठवड्यात नणंदेच्या बाळंतपणाला मी कोपरगावला गेले होते. मी नसले की इन्सुलिनची सुई दीना स्वतःच टोचून घ्यायची. चौथ्या दिवशी थॉमसचा निरोप आला. मी पोचले तेव्हा पोरगी धापा टाकत होती. तोंडाला नासक्या फळासारखा वास.

"सुई घेतली का गं?"

"न्हाई. औषध रोज शेवग्याखाली वतलं. मामानी लिवलंय ना, ईस्टर झाला की मनी येनार, मग सुई नको. मी आधीच सवय करतीय."

दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. बारा वर्षं पुरी व्हायची होती.

फेब्रुवारीत तू तिला मणी तयार झाल्याचं लिहिलंस. त्याच आठवड्यात थॉमसला लिहिलंस की सगळे फुटले, अजून किती वर्षं लागतील सांगता येत नाही. पोरीला धीर म्हणून तसं लिहिलंय, तिला कळू देऊ नका, असंही.

तुला शिव्या द्यायलाच बसले होते रे. पण थॉमसला आलेलं ते पत्र त्याच्या नकळत मीही वाचलं होतं. तरीही सुई पाहून दीना रडली की मी म्हणायचे, "थोडेच दिवस गं, मामाचे मणी येतायत." मग ती गप हात पुढे करायची. मला तेवढं पुरत होतं. ईस्टरच्या आदल्या रविवारी, कोपरगावला निघताना, मी हेच सांगून गेले.

माझं हे बोलणं थॉमसला ठाऊक नाही. 'तुझ्या भावाने माझी पोर मारली,' असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मी शेजारी बसून ऐकते. एकदाही अडवलं नाही.

डिसेंबरात येऊ का, विचारलंस. येऊ नकोस. तू दारात उभा राहिलास, तरी मी त्याच्यासमोर तोंड उघडणार नाही.

तुझी अक्का,
कृपा