चौथी चौकट

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

इतके महिने पत्र नाही, रागावला असशील. लिहायला बसले की, हा विषय पुन्हा काढायचा नाही, ही तू घातलेली शपथ आड यायची. आज ती मोडायलाच लिहितेय.

काल तुझी भाची जीवशास्त्राची वही घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. घरातल्या सगळ्यांचे रक्तगट विचारत होती. आजोबा ए, आजी बी, मी एबी. मग मामाचा विचारला. भांडी घासता घासता माझा हात थांबला. ओ, म्हटलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिला काहीच वाटलं नाही. मामा चौथ्या चौकटीत, म्हणाली, आणि चार घरं आखून मला समजावू लागली.

प्रत्येकाकडे रक्तगटाच्या दोन खुणा असतात, एक आईची, एक वडिलांची. पुढे मात्र एकच देता येते, आणि कोणती ते आपल्या हातात नाही. ए किंवा बी शेजारी असली की ओ दिसत नाही, पण असते. बाबांच्या ए-मागे आणि आईच्या बी-मागे ती असेल, तर मला दोघांची दिसणारी खूण मिळाली आणि तुला दोघांची न दिसणारी. कुठल्या पणजीपासून ती अशी गुपचूप चालत आली असेल, तुझ्यात उघडी पडायला! मी ओल्या हातांनी त्या चौकटीकडे बघतच राहिले. आई, वहीत देव दिसला का, असं लेकीने विचारलंसुद्धा.

यातून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. असं होऊ शकतं, एवढंच. पण ए आणि बीच्या पोटी ओ येऊच शकत नाही, असं कॉलेजातलं रक्तदानाचं कार्ड दाखवत तू गच्चीवर म्हणालास, ते चूक होतं. तेवढ्यावर बाबांना परकं केलंस आणि आईकडे बघायचं सोडलंस. बाकी, शिंक आली की दोन्ही हातांनी भिंत धरणारे आपल्या घरात दोघंच, बाबा आणि तू.

आईचं ऑपरेशन सोमवारी आहे. तिला यातलं काही माहीत नाही, मी सांगणारही नाही. काल गोळ्या घेताना एवढंच म्हणाली, माझं काय चुकलं ते तरी त्याने सांगावं. सोमवारच्या आत ये. काही बोलू नकोस, नुसता तिच्याकडे बघ.

तुझीच,
ताई

उद्या: तुझी गादी उन्हात घालणे.