वाटून घेतलेली बोराम

५ मार्च
कोरियातल्या या गुनसान बंदराच्या कचेरीत रुजू झाले आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या, दुःख बोलून हलकं करायच्या गटातही नाव घातलं. औषधाच्या दुकानावरची उबदार खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, जवाचा चहा. गट चालवणाऱ्या नो बाईंनी नियम सांगितले: एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, इथलं बाहेर न्यायचं नाही. नको वाटलं तर गप्प बसलं तरी चालतं. सुकी मासळी विकणाऱ्या गुकताई कानाशी म्हणाल्या, "पहिल्या दिवशी सगळे घड्याळच बघतात गं. पुढच्या खेपेला चहा मागून घेतात." हसू आलं. माझी धाकटी बहीण बोराम गेल्यापासून पहिल्यांदाच.

१२ मार्च
नुसता वैताग. प्यो आजोबा सगळा वेळ वारलेल्या बायकोचंच सांगत बसले: ती मुळे कसे लावायची, किमचीचं लोणचं किती खारट करायची. कुणी अडवत नाही, कुणी उपाय सांगत नाही. मग यायचं कशाला? नो बाई म्हणाल्या, चिडलात तर तेही इथेच बोला. बोलले. आजोबा, तुमच्या मुळ्यांचा वीट आलाय. ते खो खो हसले, म्हणाले, बायकोही हेच म्हणायची. मग सगळ्यांशीच जरा सैल वाटलं. गटाचं असंच असतं म्हणे.

१९ मार्च
आज बोरामबद्दल बोलले. केस धुताना मोठ्याने गायची. इस्पितळात शेवटी भाजलेल्या रताळ्याची नुसती साल खायची आणि गर मला द्यायची. गुकताईंनी माझा हात धरून ठेवला होता. हलकं वाटलं. घरी येऊन गाढ झोपले.

२६ मार्च
बोलायची पाळी गुकताईंची होती. त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. केस धुताना गायची. रताळ्याची साल—
ही माझी बहीण आहे, मी म्हणाले. सगळ्यांनी कीव आल्यासारखं पाहिलं. नो बाई शांतपणे म्हणाल्या, दुसऱ्याचं दुःख आपलंसं वाटणं चांगलंच आहे. डोकंच फिरलं. प्यो आजोबांना विचारलं, तुमच्या बायकोचं असं कुणी घेतलं तर चालेल? ते गोड हसले. "माझं लग्नच झालं नाही, पोरी."

२८ मार्च
आईचा फोन. बोरामचं वर्षश्राद्ध आलंय, पानात तिच्या आवडीचं काय ठेवू? आठवेना. फोटोतली मुलगी ओळखीची वाटत नाही. या वहीतली आधीची पानं वाचली. अक्षर माझं. आत काहीच हलत नाही.

३१ मार्च
गुकताईंच्या दुकानात गेले. परत द्या म्हणाले. मासळी बांधता बांधता त्या रडायला लागल्या.
"कशी देऊ गं? तू सांगितलंस, मी ऐकलं. आता ती माझ्या उशाशी बसते. तुला दुखतंय का? नाही ना? त्यासाठीच तर आली होतीस."
खरंच दुखत नव्हतं. त्याचीच भीती वाटली.

२ एप्रिल
जायचं नव्हतं. गेले. तोंड उघडायचं नाही असं ठरवून. सगळे माझ्याकडेच बघत होते. नो बाई म्हणाल्या, "आईबद्दल तुम्ही कधी बोललाच नाहीत."
ओठ घट्ट मिटले. तरी आवाज माझाच— आईच्या हातांबद्दल— थांबवता येईना— प्यो आजोबा खुर्ची पुढे ओढून ऐकत होते.

३ एप्रिल
कुणा बाईचा फोन. रडत होत्या. चुकीचा नंबर लागलाय, म्हणाले. पुन्हा आला. मला लेक म्हणतात.

४ एप्रिल
त्याच बाई. आता दारात. एक नाव घेऊन हाका— त्या नावाचं इथे कुणी— परवा तिथे मी आणखी कुणाबद्दल बोलले? स्वतःबद्दलही? नाव तरी लिहून ठेवते, म्हणजे— माझं नाव