बाजारचौकातला गोफ

॥ श्री ॥
करामा, दुबई
शुक्रवार, २२ मे १९९८

ती. स्व. अण्णासाहेबांस,
मृणालिनीचा शि. सा. नमस्कार. वहिनींनाही सांगावा.

इकडे सर्व खुशाल. उन्हाळा लागला, सकाळी आठलाच नळाच्या पाण्याने हात पोळतो. यांचं रास अल खोरच्या गोडाउनमधलं काम वाढलंय, म्हणून तुमच्या पत्राचं उत्तर मी लिहिते आहे. काम हे निमित्त. हे 'बरं दादा' एवढंच लिहिणार होते, आणि ते मला पाठवायचं नव्हतं.

तुम्ही लिहिलंत, पेपरातला फोटो पाहून मान खाली गेली. चौदा वर्षांची मुलगी भर बाजारात खांबाभोवती नाचते, तिथे कसले संस्कार? ओवीला पाच जूनच्या विमानाने पुण्याला पाठवा, पुढचं शिक्षण आमच्याकडे होईल.

तो बाजार कसला ते आधी सांगते. शाळेच्या हेडमिस्ट्रेस मिसेस डॉब्सन इंग्लंडमधल्या एका खेड्याच्या. दर फेब्रुवारीत त्या मैदानावर आपल्या गावचा बाजारचौक उभा करतात. प्लायवूडचं चर्च, जॅमच्या बरण्या, केकच्या स्पर्धा, आणि मधोमध खांब. त्याच्या टोकाला रंगीत फिती बांधतात. मुली एकेक फीत धरून फेर धरतात, तशी खांबावर वीण पडत जाते. त्यांच्याकडे वसंताच्या जत्रेतली रीत आहे ती. आणखी एक गंमत म्हणजे नारळ. तो फोडायचा नाही, चेंडू मारून पाडायचा! शेजारच्या मरियमबींना म्हटलं, "देवा, नारळाने काय घोडं मारलंय यांचं?" तर म्हणाल्या, "अरी, एक बॉल तू भी मार, गुस्सा निकल जाएगा."

गुस्सा नंतर आला. आठ मुलींपैकी एकीने उलटी गिरकी घेतली आणि फितींचा गुंता झाला. लोक हसायला लागले. डान्सच्या टीचरने सगळ्यांदेखत ओवीचा दंड धरून तिला बाहेर काढलं. चूक तिची नव्हती. मी पहिल्यापासून पाहत होते.

फोटोत ओवीशेजारी पदर खोचलेली एक पाठमोरी बाई आहे. 'ती निर्लज्ज कोण?' असं विचारलंत. मी दोनदा वाचलं.

ती मी.

ओवी म्हणाली, "आई, डोन्ट! एव्हरीबडी इज लुकिंग!" म्हटलं, "बघू देत. तू फीत धर. एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. आणि आधी आलात त्याच वाटेने उलट्या चला." गुंता सुटला. मग पुन्हा विणला, थेट खालपर्यंत. मिसेस डॉब्सननी विचारलं, हे कुठे शिकलात? माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. "माय व्हिलेज आल्सो," एवढंच म्हणाले.

हा गोफ आहे, अण्णासाहेब. आमच्या गावी गोकुळाष्टमीला देवळात आम्ही मुली विणायचो. पुजारीकाका पेटी वाजवायचे. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा विचारलंत, "मुलीला काय काय येतं?" मी 'गोफ' म्हणणार, तेवढ्यात आईने पायावर पाय दिला. मी भरतकाम म्हणाले. सोळा वर्षं तुम्ही माझे टेबलक्लॉथ वापरताय. मला भरतकाम कधीच आवडलं नाही.

आणि यांच्या गोडाउनमधला संजय सुट्टीवर पुण्याला आला, त्याने चुगली केली असं मनात आणू नका. इथल्या पेपरातलं ते कात्रण मीच त्याच्याजवळ दिलं होतं. वाटलं, घरात कौतुक होईल. पाठमोरी असले तरी वहिनी ओळखतील. वेडीच मी. पण दिलं याचा पश्चात्ताप नाही. देवळात जे देवाचं, ते इंग्रजांच्या चौकात बाजारू कसं होतं, हे तुम्ही मला समजावून सांगाच. माझा तेव्हाही शुक्रवारचा उपास होता आणि तो मोडला नाही.

ओवी येणार नाही. तिला विचारलं. "आय ॲम नॉट गोइंग," म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. यांनी काढलेलं तिकीट मी बसने देऱ्यातल्या एजंटाकडे जाऊन परत केलं. पन्नास दिरहम कापले, म्हणजे आपले साडेपाचशे रुपये. कापू देत.

हे चिडले. "खलास! मी दुसरं काढीन," म्हणाले. काढोत. ओवीचा पासपोर्ट मी देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या आसनाखाली ठेवला आहे. लपवलेला नाही, यांच्यासमोर ठेवला. यांनी हात पुढे केला, बाळकृष्णाकडे पाहिलं आणि चहा मागितला.

तुम्ही थोरले. तुम्हाला देव हलवून तो काढायचा असेल, तर इथे यावं, आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर उभं राहावं. मी बाजूला उभी असेन. अडवणार नाही.

आपल्या घरची सून, आणि ओवीची आई,
मृणालिनी