दुनळी की रायफल

राजपुरा, मंगळवार, संध्याकाळ

बाबांना आता बंदूक पेलवत नाही, म्हणून लायसन्स माझ्या नावावर होतंय. पण घरातल्या दोन बंदुकांपैकी एकच ठेवायची ठरलंय. बाबांचा जीव आजोबांच्या रायफलीवर, हे घरात सगळ्यांना माहीत. तरी आज म्हणाले, "दुनळी ठेव, बेटा. एका नळीत छर्रा, दुसरीत गोळी. पाखरं असोत की केळीत शिरलेलं रानडुक्कर, सगळ्याला हीच चालते."

"आणि रायफल?"

"तिचा धक्का जोराचा. तुझा खांदा दुखेल."

मी बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई. खांदा दुखेल म्हणे.

उद्या रायफल पोलीस ठाण्यात जमा करायला एकटीच जाणार होते. आता बाबांनाही नेईन. निघण्याआधी रायफलीला तेल त्यांनीच लावावं, मी जवळ बसेन. घाई करणार नाही.