हळद शिजत होती तो दिवस

लातूर, रविवार, दि. ८ जून २०२५, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय, झेरॉक्स मशीन गार होईपर्यंत लिहीत बसलोय.

आदरणीय सरजाआत्यास, प्रीतमचा मनापासून जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? साहेबराव मामांचा खोकला? माझं वजन तेवढंच आहे, त्यामुळे ते विचारू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हाव, हाव" करतेस आणि माझं म्हणणं संपायच्या आत ठेवतेस. पत्र आदर्श वाचून दाखवील, म्हणजे तुला पूर्ण ऐकावं लागेल. (आदर्श, कंसातलंसुद्धा वाचायचं. मागच्या वेळी तू गाळलंस, ते मला कळलं.)

मागच्या रविवारी मी नांदेडपर्यंत येऊन अर्धापूरला आलो नाही, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. त्याचं कारण नीट लिहितो. आमचे दुकानमालक शिवमूर्ती अप्पा यांना एक जूनला साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांनी ठरवलं की वाढदिवस बालगृहातल्या मुलांसोबत करायचा, सकाळी नांदेडला आणि संध्याकाळी लातूरला. मुलांच्या जन्मतारखा मागवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे ज्याच्या त्याच्या दिवशी दुकानातर्फे रंगीत कार्ड जाईल. मी वहीत रेघा मारून बारा महिन्यांची बारा पानं केली. लातूरच्या बालगृहातल्या नीलाबाई (स्वयंपाकापासून औषधापर्यंत सगळं त्याच बघतात) फोनवर सांगू लागल्या, एक जून, एक जून, एक जून. चोवीस मुलांत एकोणीस वेळा. जूनचं पान भरून पाठीमागे गेलं आणि उरलेल्या पानांवर मिळून पाच नावं. मला वाटलं, बाई कंटाळल्या. मी दोनदा लेखी विनंती पाठवली की कृपया खऱ्या तारखा द्याव्यात. शेवटी त्यांचाच फोन आला, "अरे बाबा, ज्याची तारीख कुणालाच ठाव न्हाई त्याला शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून लावतेत. तुझी कोणती हाय?" मशीनमध्ये कागद अडकलाय असं सांगून मी फोन ठेवला. (माझीही एक जूनच आहे. पण ती कागदावरची. खरी तुला माहीत आहे, त्यामुळे मला त्याचं कधी काही वाटलं नाही.)

नांदेडला मी भाषण पाठ करून गेलो होतो, ते लागलंच नाही. आम्हाला बघताच मुलांनी उंचीप्रमाणे रांग लावली आणि सातेक वर्षांच्या एका पोरानं हाताला धरून अप्पांना मधोमध उभं केलं. "आजोबा, तुम्ही हितं. पोट जरा आत. आधी फोटू, मंग खाऊ, मंग तुम्ही रडायचं." अप्पा म्हणाले, मी कशाला रडू? "समदेच रडतेत," पोरगं म्हणालं. अप्पा रडले. (क्रमही तोच.) मग त्यांना शांत करण्यात दीड तास गेला, अर्धापूर राहिलं ते त्यामुळे.

लातूरच्या केकवर "अप्पा ६०" लिहिलं होतं. (बिनअंड्याचा, मी दोनदा विचारून घेतला.) अप्पा मोठ्या मनानं म्हणाले, आज ज्याचा ज्याचा वाढदिवस आहे त्यानं सुरीला हात लावावा. मुलं धावली. नीलाबाई आल्या. गाडीचा ड्रायव्हर संगप्पाही आला. मी संकोचानं एक बोट लावलं. केक कापला असं म्हणता येणार नाही, तो खाली बसला. पण मी मोजत होतो. मुलं अठरा होती, वहीत एकोणीस.

एकोणिसावी पाण्याच्या टाकीजवळ हात मागे बांधून उभी होती. पंचशीला, वय अंदाजे नऊ. मी म्हणालो, चल, आज तुझाही वाढदिवस आहे. ती म्हणाली, "ह्यो माझा न्हाई, शाळेचा हाय." मग मला वरपासून खालपर्यंत बघून, "तुमचा खरा कोणता?"

तू मला नेहमी सांगतेस ते सगळं मी सांगितलं. कढईत हळद शिजत होती, अंगणभर वाफ होती, मामांना काही दिसेना, ते बादलीत पाय घालून पडले, तेवढ्यात माझा पहिला ट्यॅहँ ऐकू आला आणि सगळे मामांना तसंच सोडून माझ्याकडे पळाले. तिनं ते तीनदा सांगायला लावलं. बादलीचा रंग विचारला. मग म्हणाली, "तुम्हाला आठवतंय का हे?" नाही, आत्यानं सांगितलं. "मंग आत्याला माझा पण इचारा." मी म्हणालो, ती तुला ओळखत नाही गं. "मी कशी हाय ते सांगा की तिला. वळखंल."

मी हो म्हणून बसलो. पंधरा तारखेच्या रविवारी नक्की सांगतो म्हणालो. तिला माणसांचा अनुभव आहे. तिनं माझ्या खिशातलं निळं पेन काढून घेतलं. "लई जण येतो म्हणतेत," एवढंच बोलली आणि आत गेली. हे पत्र म्हणून काळ्या शाईत आहे.

बाकी सर्व ठीक. मामांना आणि आदर्शला जयभीम.

तुझा प्रीतम

द्यायची: एक तारीख. यायचं: एक पेन.

ता. क. तर आत्या, ती अशी आहे. उंची माझ्या कोपरापर्यंत. डाव्या भुवईत तीळ. भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खाते. हसायच्या आधी समोरचा खरंच हसतोय का ते बघून घेते. एवढ्यावरून ओळख. जून महिना नको. त्या दिवशी चुलीवर काय होतं, घरात कोण कोण होतं, तेही पाहिजे, ती विचारणार. पण चिठ्ठी पाठवू नकोस, पंधराला तूच ये. मी साडेनऊपासून स्टँडवर थांबतो, गाडी अकराची असली तरी.

ता. क. २. पत्र तपासताना एक गोष्ट लक्षात आली. माझ्या दाखल्यावर जन्मगाव बिलोली आहे, आईचं माहेर. आई गेल्यावर तू मला अर्धापूरला आणलंस तेव्हा मी चालायला लागलो होतो, असं मामाच सांगतात. आणि हळद तर अर्धापूरची, कढई तुझी, अंगणही तुझंच. (आदर्श, हे हळू वाच.) आत्या, मी काही विचारत नाही. मला माझा दिवस तसाच पाहिजे. तिलाही तसाच एक पाहिजे. मामांना आणखी एकदा पडावं लागलं तर त्यांची हरकत नसावी.