चारशे दहा ग्रॅमचं जाकीट

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
२० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. माईस,
चिंतामणीचा शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर मी इतक्या मोठ्याने बोललो की खालच्या मजल्यावरचे काय झालं म्हणून विचारायला वर आले. तुला मात्र एकच शब्द ऐकू गेला, ‘बर्फ’, आणि तू फोन ठेवलास. कानाचं यंत्र डबीत ठेवून फोन घ्यायचा आणि वर मीच पुटपुटतो म्हणायचं, याला काय म्हणावं? म्हणून हे पत्र. तुझी सून रोज बँकेत इथेच येते, तेव्हा हिमानी हेच आपलं टपाल.

आता नीट वाच. आमच्या कारखान्यातली आठ जुनी माणसं एकवीस डिसेंबरला उत्तराखंडात ट्रेकला चालली आहेत. चार दिवस बर्फातून चालणं. पासष्ट पूर्ण झालेल्या माणसाला ट्रेकवाले नेत नाहीत, आणि माझी पासष्टी नऊ जानेवारीला. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही. डॉक्टरांनी छाती तपासून हो म्हटलंय. फक्त साठीपुढच्यांच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. माझं लग्न नाही, मूलबाळ नाही. तेव्हा सही तुझी, मोठ्या बहिणीची. फॉर्म दहा डिसेंबरला परत द्यायचाय.

तू फोन ठेवल्यावर हे हिमानीला थोडक्यात सांगितलं, तर जाकीट बघितल्याशिवाय सही नाही असं तिच्याकडून कळवलंस, म्हणून तेही पाठवतोय. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये तीन दुकानं फिरून घेतलं. आत बदकाची मऊ पिसं आहेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चारशे दहा ग्रॅम भरलं. बघ, हात लाव आणि आहे तसं परत कर.

जाकीट आवडो न आवडो, माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
चिंतामणी


बदलापूर
२६ नोव्हेंबर २०२४

चि. चिंतामणीस,
माईचे अ. उ. आ.

जाकीट बघितलं. तुला कुणीतरी चांगलंच गंडवलंय. हातात धरलं तर रिकामी पिशवी धरल्यासारखं वाटलं. चारशे दहा ग्रॅममध्ये थंडी अडते होय रे? माझी साधी गोधडी तीन किलोची आहे. एकतीस वर्षं मालाची तपासणी केलीस ना कारखान्यात, मग दुकानात डोळे कुठे होते?

असो, मी नीट करून दिलंय. माझं जुनं लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, दुहेरी करून आतून लावलं. चामटोलीची सोनी गोधड्या शिवायला येते, तिला बसवून घेतलं. आम्ही दोघींनी दोन दिवसांत बोटाबोटाच्या अंतरावर धावदोरा घातला, पाठीपासून बाह्यांपर्यंत. शिवताना आतून पिसांचा कचरा निघत होता, तो पिशवीभर काढून टाकून दिला. आता कुठे ते जाकीट वाटतंय.

घालून बघ आणि कळव. सहीचं मग बघू.

तुझ्या काळजीने म्हातारी झालेली,
माई


पालेगाव
२८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. माईस,
शि. सा. न. वि. वि.

तो कचरा नव्हता गं. तेच जाकीट होतं.

त्या पिसांमध्ये हवा अडकते आणि ती हवा ऊब धरते. तू पिसं काढलीस, उरलेली दोऱ्याने दाबून टाकलीस आणि सुईने किती भोकं पाडलीस ते मोजायची माझ्यात ताकद नाही. आता ते एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम भरतंय. काल घालून खोकलो तर सोफ्यावर पिसं पडली. चाळीस रुपयांची वस्तू आणली तरी तू उसवून बघतेस, हे मला माहीत होतं. तरी मी ते तुझ्याकडे पाठवलं, तेव्हा मूर्ख मीच.

दुकानात दाखवायला घेऊन गेलो. त्या सिंधी गृहस्थांनी उलटसुलट करून बघितलं आणि कुणी दुष्मनी काढली म्हणून विचारलं. बहिणीने प्रेमाने केलं म्हटल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. त्यांच्याही घरी मोठी बहीण आहे म्हणाले.

आता दुसरं घेतलंय. यात पिसं नाहीत, कृत्रिम भरण आहे. वजन थोडं जास्त, पण ओलं झालं तरी ऊब जात नाही. आत स्वेटर मावेल असं एक माप मोठं घेतलंय. चिकटपट्टी लावून हिमानीच्या हाती देतोय. ती तुझ्यासमोर उघडेल आणि तेवढ्या वेळात घरातल्या सगळ्या सुया कपाटात राहतील, असं तिने मला कबूल केलंय.

सही कर गं बाई आता. रागाने लिहिलं असलं तरी पायांवर डोकं आहेच.

चिंतामणी

ता. क. माई, मी हिमानी. हे पाकीट उघडं होतं म्हणून लिहिते. यापुढे तुम्ही दोघांनी टपालखात्याने पत्रं पाठवावीत. मला बँकेत काम असतं.


बदलापूर
२ डिसेंबर २०२४

चि. चिंतामणीस,
अ. उ. आ.

दुकानदाराला पाणी मागवावं लागलं, हे वाचून बरं वाटलं. माझ्या शिवणीची अब्रू परक्या माणसापुढे काढायची काही गरज नव्हती.

नवीन जाकीट बघितलं. हात लावला नाही, हिमानी पहारेकऱ्यासारखी उभी होती. हेही हलकंच आहे. तू आणि तो दुकानदार दोघं पंख्याखाली बसून मला सांगता की हे बर्फात चालेल. तुमच्यापैकी कुणी बर्फ बघितलाय? वजन केलंस, माप घेतलंस, पण ऊब कुठल्या काट्यावर मोजलीस?

दोन वर्षांपूर्वीचा तुझा न्यूमोनिया तू विसरला असशील, मी नाही विसरले. अठरा दिवस इथे पलंगावर होतास. तुझा श्वास चालू आहे की नाही ते मी उठून उठून बघत होते, कारण यंत्र लावूनही मला तो ऐकू यायचा नाही. छातीवर हात ठेवून बघावं लागायचं. आता तू डोंगरावर तंबूत झोपणार, आणि तिथे हात ठेवायला कोण आहे?

हे जाकीट ऊब देतं असं मला पटलं की सही करीन. तोपर्यंत फॉर्म देवापाशी ठेवलाय. जेवण वेळेवर घे.

माई


पालेगाव
४ डिसेंबर २०२४

ती. स्व. माईस,
शि. सा. न. वि. वि.

पटवू कसं? जाकीट घालून फ्रीजमध्ये बसू का?

न्यूमोनिया मी विसरलेलो नाही, आणि तुझा हातही नाही. पण माई, एकतीस वर्षं मी भट्टीशेजारी उभा राहिलो. लाल झालेला माल बाहेर यायचा आणि तो मी तपासायचो. डिसेंबरातसुद्धा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. समोरच्या भिंतीवर कुणीतरी बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर लावलं होतं. वर्ष संपलं तरी मी ते काढू दिलं नाही. एकदा त्यात उभं राहायचंय, एवढंच. दुसरं काही मी तुझ्याकडे कधी मागितलेलं आठवत नाही.

तुझी सही नसेल तर मी जाणार नाही. खोटी सही करून जाणाऱ्यातला मी नाही, हे तुलाही ठाऊक आहे, म्हणूनच तू अडून बसली आहेस. नको असेल तर सरळ नाही म्हण. जाकिटाला मध्ये घालू नकोस.

चिंतामणी


बदलापूर
८ डिसेंबर २०२४

चि. चिंतामणीस,
माईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फ्रीजचं चिडून लिहिलंस, पण मला पटलं.

हिमानीचा भाऊ दिपेश मोरिवलीला शीतगृहात सुपरवायझर आहे, मटार आणि मक्याच्या गोण्या ठेवतात तिथे. आज रविवार म्हणून त्याच्याकडे गेलो. हिमानी सगळ्या रस्ताभर माझ्याशी बोलली नाही. मुख्य खोलीत पाठवायला दिपेशने साफ नकार दिला. अलीकडच्या खोलीत बस म्हणाला, तिथे शून्याच्या खाली दोन होतं. मी तुझं जाकीट घातलं, टोपी ओढली आणि गोण्यांमध्ये खुर्ची टाकून बसले. हिमानी दार उघडं धरून उभी होती. पाच मिनिटांत दोघं मला बाहेर ओढायला लागली, मी यंत्र काढून खिशात टाकलं. वीस मिनिटं बसले.

खरं सांगते, मी थंडी वाजायची वाट बघत होते. वाजली असती तर तुला तसं लिहिलं असतं आणि तू राहिला असतास. नाक गार पडलं. पाय तर लाकडासारखे झाले, पातळच नेसले होते, तेव्हा आतून घालायची लोकरी विजार आठवणीने घे. पण पाठ गरम होती. छातीवर हात ठेवून बघितलं, तिथेही गरम होतं. आता माझ्याकडे दुसरं कारण उरलं नाही.

फॉर्म आणि तुझं जाकीट सोबत आहेत. सही जरा वाकडी आलीय, बोटं अजून आखडलेली होती. नातं काय ते एका चौकोनात लिहायचं होतं. चार वर्षांचा होतास तेव्हापासून तुझं सगळं मीच केलं, ते त्यात कसं लिहिणार? ‘बहीण’ एवढंच मावलं.

पहिलं जाकीट परत पाठव, इथल्या पहाटेला ते मला पुरेल. आणि तंबूत झोपताना एकदा स्वतःच हात ठेवून बघत जा, माझ्या वतीने.

जा, आणि परत ये.

माई