तीन हात माझे, पाच हात सांडूचे

औरंगाबाद, बहमन १३४५ फसली (इंग्रजी डिसेंबर १९३५)

तीर्थस्वरूप रामकिसन मामांना बन्सीचा दंडवत. मामी, बैलं अन् तुमचा गुडघा, सगळ्यांची खुशाली कळवा. तुमचा पोरगा सांडू माझ्यासंगं इथं बांधकामावर मजेत हाय. (भाकरी मोजत नाय.)

पत्राचं कारण अभिमानाचं. आमच्या कामावर हैदराबादचे एक मुन्शी नकाशे घेऊन आले. गावच्या माणसाला हिशेब कळत नाय, म्हणाले. मी घमेलं खाली ठेवलं अन् सांगितलं, आठशे वर्षांमागं भास्कराचार्य होऊन गेले, त्यांच्या घराण्याचा शिलालेख आमच्या सोयगावाकडच्या डोंगरात, पाटणला हाय. (मी पाहिलेला नाय, पण डोंगर पाहिलाय.) मुन्शी चपापले. म्हणाले, त्यांचं गणित तर बादशहानं फारशीत करून घेतलं होतं. मामा, आपला शेजारी पार फारशीत जाऊन आला. छाती फुगून माझ्या सदऱ्याचं बटण तिथंच गेलं.

मग कमरोद्दीन मिस्त्रींनी पैज घातली, की गुण्याची लोखंडी पट्टी न लावता कोपरा काटकोनात आखलास तर घमेलं सुटलं, थापी हातात, तू गवंडी. एवढं बोलून ते चुन्यासाठी बिडकीनला गेले. आता तीन, चार अन् पाच हातांवर गाठी मारून दोराचा त्रिकोण ताणला की काटकोन येतोच. हे आपल्या लोकांना भास्कराचार्यांच्याही लई आधी, यज्ञाच्या वेदी आखायचे तेव्हापासून ठाऊक. तीन अन् चार हात मी कोपरापासून बोटापर्यंत नीट मोजले. पाच मोजायच्या वक्ताला मी जमलेल्या लोकांना वेदीचं सांगत होतो, म्हणून ते सांडूनं मोजले. (त्याचा हात माझ्याहून दोन बोटं लांब.) विटांचे दोन थर चढले. मिस्त्री आले, गुण्या लावला, तर कोपरा जांभई दिल्यासारखा उघडा. त्यांनी दोर पाहिला, आमचे दोघांचे हात शेजारी धरून पाहिले, अन् म्हणाले, "हिसाब पक्का है बेटा. हात किसके हैं?"

म्हणजे भास्कराचार्य जिंकले, हे ध्यानात घ्या. थर पाडले. पुढच्या शनिवारी मुन्शींसमोर पुन्हा आखायचं. चुकलं तर घमेलं जन्माचं.

आपला,
बन्सी

ता.क. मामी आजारी हाय असं खोटंच कळवून शनिवारच्या आत सांडूला गावाकडं बोलावून घ्या.

ता.क. दुसरा. वरचं रद्द. पत्र टाकायला सांडूच निघाला होता, अन् त्याला वाचता येतं हे मी विसरलो. आता सगळा दोर तोच मोजणार अन् मी गप उभा राहणार, असं ठरलंय. कोपरा काटकोनात येईल याची मला खात्री हाय. गप राहण्याची नाय.